व्यापार, रोगराई, विचार आणि तंत्रज्ञान यांपैकी जगाच्या इतिहासावर सर्वाधिक परिणाम कशाचा झाला?

माझ्या मते या चौघांची क्रमवारी लावणेच चुकीचे आहे, कारण ते क्वचितच एकेकटे येतात. पुण्यापुरते बोलायचे, तर १८९७ ची प्लेगची साथ पाहावी.

१८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये फैलावलेला प्लेग १८९६ मध्ये मुंबई बंदरात उघडकीस आला. तो व्यापारी जहाजांतून आला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ज्या आगबोटींनी आणि रेल्वेने मालाची ने-आण वेगवान केली होती, त्यांनीच रोगालाही वाट करून दिली, आणि लवकरच तो पुण्यात पोहोचला. (चौदाव्या शतकात युरोपात शिरलेल्या प्लेगनेही व्यापाराचाच मार्ग धरला होता; १३४७ मध्ये तो सिसिलीतील मेसिना बंदरात उतरला.)

पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला व्यापक अधिकार मिळाले, पुण्यात सैनिकांकरवी घरांच्या झडत्या सुरू झाल्या, आणि त्यातून उसळलेल्या संतापाच्या भरात चापेकर बंधूंनी २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या. रोगाने राजकीय विचारांना धार दिली, ती अशी. त्याआधी, १० मार्च रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना स्वतःलाच लागण होऊन सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले होते. मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी आपली प्लेगची लस जानेवारीतच स्वतःला टोचून घेतली होती. साथरोग कायदा मात्र टिकला. २०२० मध्ये करोनाकाळात तोच पुन्हा लागू करण्यात आला.