समलिंगी विवाह, सार्वमत आणि तोवर करून ठेवायचे कागद

समलिंगी विवाहावर देशात सार्वमत, म्हणजे थेट जनतेचं मतदान होणार, असे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले की तीच तीच शंका घेऊन पत्रं येऊ लागतात. या वेळी मुंबईतल्या वाचकांचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. उत्तरं सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. तुमच्या कागदातली एखादी ओळ सगळं उत्तर फिरवू शकते, म्हणून सही करण्याआधी वकिलाला मूळ कागद दाखवा.

‘सार्वमतासाठी नाव नोंदवा’ अशी लिंक आली आहे. आधार क्रमांक आणि ९९ रुपये मागतात. भरू का? (एक वाचक, मुलुंड)

नाही. असं कोणतंही मतदान जाहीर झालेलं नाही. पैसे भरून झाले असतील तर आजच बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

आयर्लंडने जनतेला विचारलं आणि विषय मिटवला. आपल्याकडेही एकदाचं मतदान घेऊन सोक्षमोक्ष का लावत नाहीत? (एक वाचक, गिरगाव)

हा प्रश्न सर्वात जास्त येतो आणि त्यामागची समजूत सर्वात जास्त नुकसान करते, म्हणून सविस्तर लिहितो.

आयर्लंडने हौसेनं मतदान घेतलं नाही. तिथली राज्यघटना बदलायची तर लोकांचा कौल घ्यावाच लागतो. तो २२ मे २०१५ रोजी घेतला, ६२ टक्के मतं बाजूनं पडली. तरी दुसऱ्या दिवशी कुणाचं लग्न लागलं नाही. संसदेला वेगळा कायदा करावा लागला आणि तो १६ नोव्हेंबरला लागू झाला. ऑस्ट्रेलियात २०१७ साली जे झालं ते तर सार्वमतही नव्हतं. सांख्यिकी खात्यानं मतदारांना टपालानं एका प्रश्नाचा कागद पाठवला होता. उत्तर देणं ऐच्छिक, आणि निकाल संसदेवर बंधनकारक नाही. ७९.५ टक्के लोकांनी कागद परत पाठवला, त्यातले ६१.६ टक्के ‘होय’ म्हणाले. स्वित्झर्लंडमध्ये उलटा क्रम. संसदेनं कायदा आधीच मंजूर केला होता, विरोधकांनी सह्या गोळा करून तो मतदानाला ओढला, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ६४.१ टक्के मतदारांनी तो राखला. तीन देशांत मतदान झालं एवढंच आपल्यापर्यंत पोचतं. प्रश्न कोणी लिहिला, निकाल कुणाला बांधील, हे कुणी विचारत नाही.

आता उरलेले देश पाहा, जे या निरोपांत कधीच नसतात. स्लोव्हेनियाच्या संसदेनं २०१५ मध्ये विवाहाचा हक्क दिला आणि त्याच डिसेंबरात सार्वमतानं तो काढून घेतला. तिथल्या जोडप्यांना २०२२ मध्ये घटना न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागली. म्हणजे साडेसहा वर्षं. क्रोएशियात १ डिसेंबर २०१३ रोजी ‘विवाह म्हणजे एक स्त्री व एक पुरुष’ हे मतदानानंच घटनेत घातलं गेलं. तैवानचं उदाहरण तर शिकण्यासारखं आहे. तिथल्या घटना न्यायालयानं मे २०१७ मध्ये सरकारला दोन वर्षांची मुदत दिली. नोव्हेंबर २०१८ मध्ये सार्वमत झालं आणि नागरी संहितेतली विवाहाची व्याख्या बदलू नये असा कौल आला. न्यायालयाचा निकाल मोडता येईना आणि संहितेला हातही लावता येईना. शेवटी मे २०१९ मध्ये वेगळा कायदा केला. त्याच्या नावात ‘विवाह’ हा शब्दच नाही, न्यायालयाच्या निर्णयाचा ७४८ हा क्रमांक आहे. मतदानानं प्रश्न मिटला नाही, फक्त शब्द लपवावा लागला.

आपल्याकडे तर घटनेत सार्वमताची तरतूदच नाही. १९७८ मध्ये जनता सरकारनं घटनेच्या काही गाभ्याच्या बदलांपुरतं सार्वमत आणायचा प्रयत्न केला. लोकसभेनं तो मान्य केला, राज्यसभेनं ते कलम नाकारलं. विवाह हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीतला विषय आहे, कायदा संसदेनं किंवा राज्याच्या विधिमंडळानं करायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनीही १७ ऑक्टोबर २०२३ रोजी हेच सांगितलं: विवाह हा मूलभूत हक्क नाही, बदल संसदेनं करावा. फेरविचाराच्या याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. संसदेत दार वाजवलेलं आहे. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ रोजी विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीचं खासगी विधेयक, म्हणजे सरकारनं नव्हे तर खासदारानं स्वतः आणलेलं विधेयक, मांडलं होतं. पण १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, हेही ध्यानात ठेवा.

माझं मत विचारलंत तर लोकशाहीत मतदानाला पर्याय नाही, पण कशावर मत घ्यायचं याला मर्यादा आहे. चौथ्या मजल्यावरच्या दोघांनी एकत्र राहावं का, यासाठी सोसायटीची सर्वसाधारण सभा बोलावत नाहीत. थोड्यांच्या घराचा निकाल पुष्कळांच्या हातावर सोपवला की मधले महिने ती माणसं टीव्हीवर रोज स्वतःच्या संसाराची चिरफाड ऐकतात, आणि हरली तर तो निकाल ‘जनतेचा’ म्हणून वर्षानुवर्षं तोंडावर फेकला जातो. चर्चा जरूर करा. आपल्या खासदाराला पत्र लिहा. पण मतदान होईल, मग कागद करू, असं म्हणत थांबू नका. आजारपण आणि मृत्यू निकालासाठी थांबत नाहीत.

गोव्यात १९६७ साली सार्वमत झालं होतं. मग तरतूद नाही असं कसं म्हणता? (एक निवृत्त शिक्षक, दादर)

झालं होतं, १६ जानेवारी १९६७ ला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. ३४,०२१ मतांनी पानं जिंकली. पण त्यासाठी संसदेनं आदल्या वर्षी खास कायदा केला होता आणि विषय एका प्रदेशाच्या भवितव्याचा होता. त्यातून कायमची वाट तयार झालेली नाही.

फोर्टमधला एक एजंट १८ हजारांत नोटरी केलेला ‘समलिंगी विवाहाचा दाखला’ देतो. बँकेत आणि व्हिसाला चालतो म्हणतो. (दोघी मैत्रिणी, चेंबूर)

चालत नाही. एक पैसाही देऊ नका. नोटरी विवाह लावू शकत नाही. समोर सही झाली, माणूस तोच आहे, एवढीच त्याची साक्ष. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न लावतो तो विवाह अधिकारी, तेही ३० दिवसांच्या नोटिशीनंतर आणि तीन साक्षीदारांसमोर. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात पुरुष २१ आणि स्त्री १८ अशी अट आहे, म्हणून दोघींचा अर्ज तिथेच अडतो. वॉर्ड ऑफिसात नोंद होते ती आधी कायदेशीर झालेल्या लग्नाची. हा दाखला व्हिसाच्या अर्जाला जोडलात तर खोटी माहिती दिल्याचा ठपका तुमच्यावर येईल. एजंट तोवर गाळा बदलून मोकळा.

बँकेसाठी असा कागद लागतच नाही. दोघींच्या केवायसीवर संयुक्त खातं उघडता येतं आणि जोडीदाराला नॉमिनी करता येतं. केंद्रीय अर्थ मंत्रालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचं घ्या, म्हणजे दोघींपैकी कुणीही, आणि एक गेली तर मागे राहिलेली, ते चालवू शकते. शाखेत नाही म्हणाले तर नकार लेखी मागा.

दहा वर्षं एकत्र राहतो. गोरेगावचा फ्लॅट त्याच्या नावावर, हप्त्याची अर्धी रक्कम माझ्या खात्यातून जाते. सोसायटीत मी नॉमिनी आहे. एवढं पुरे ना? (एक वाचक)

पुरे नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी तुम्हाला तात्पुरता सभासद करून घेईल, पण फ्लॅट वारसांचा. तुमचा जोडीदार हिंदू असेल आणि मृत्युपत्र न करता गेला तर पहिला हक्क त्याच्या आईचा. ती नसेल तर वडील, मग भावंडं. त्या यादीत तुमचं नाव कुठेच नाही, दहा वर्षांचे हप्ते दाखवलेत तरी.

त्यानं मृत्युपत्र करावं. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. तरी नोंदणी कराच, कारण वाद झाला की ‘सही त्याची नाहीच’ हा पहिला हल्ला असतो. दोन साक्षीदार हवेत, त्यांच्यासमोर सही हवी आणि त्यांनीही त्याच्यासमोर सही करायची. तुम्ही स्वतः साक्षीदार होऊ नका. फ्लॅटचा क्रमांक, इमारतीचं नाव, सिटी सर्व्हे क्रमांक, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक स्पष्ट लिहा. ‘माझं सर्व काही मित्राला’ असं मोघम लिहिलेले कागद भांडणाला आमंत्रण देतात. आईवडिलांना का वगळलं, किंवा त्यांना काय दिलं, हे एका वाक्यात लिहिलेलं बरं. त्याच सुमारास डॉक्टरांचं मनःस्थिती ठीक असल्याचं प्रमाणपत्र घेऊन ठेवा.

दुसरा धोका हप्त्यांचा आहे, आणि तो कुणी सांगत नाही. दुसऱ्याच्या नावावरच्या मालमत्तेत पैसे घालणं बेनामी कायद्याखाली येऊ शकतं. नवरा-बायकोला त्यात सूट आहे, तुम्हाला नाही. शिवाय नात्याबाहेरच्या माणसाकडून वर्षात ५० हजारांहून जास्त भेट घेतली तर प्राप्तिकर लागतो. याच भेदभावाविरुद्ध एका जोडप्यानं २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आहे. म्हणून रक्कम कर्ज आहे की हिश्शाची किंमत, हे लेखी ठरवा. फ्लॅटचा हिस्सा बक्षीसपत्रानं घ्यायचा विचार असेल तर पती-पत्नीला असलेली २०० रुपये मुद्रांक शुल्काची सवलत तुम्हाला मिळणार नाही. आधी सीए आणि वकील, मग दुय्यम निबंधकाचं कार्यालय. हा क्रम उलटू नका.

पीएफला जोडीदाराचं नाव लावलं तर चालेल का? (एक वाचक, ठाणे)

तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडील असतील तर नाही. पीएफ योजनेत ‘कुटुंब’ असलेल्यानं बाहेरच्याचं नाव लावलं तर ते रद्दबातल ठरतं. आयुर्विम्यात नाव लागतं, पण पैसा स्वतःचा म्हणून ठेवण्याचा हक्क फक्त आईवडील, जोडीदार म्हणून कायद्यानं मान्य पती-पत्नी आणि मुलांना मिळतो. म्हणून विम्याचाही उल्लेख मृत्युपत्रात करा.

तिला अ‍ॅडमिट केलं तर फॉर्मवर माझी सही घेतील का? मुखत्यारपत्र करून ठेवलंय. (एक वाचक, लालबाग)

शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची स्वतःची संमती पुरते, ‘नातेवाईक आणा’ म्हणण्याची गरज नसते. अडचण ती बेशुद्ध झाल्यावर येते. माणूस निर्णय घेण्याच्या स्थितीत राहिला नाही की साधं मुखत्यारपत्र दुबळं पडतं, आणि लोक नेमकं तेवढंच करून निर्धास्त होतात. तिनं वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे उपचारांबद्दलची इच्छा आधीच लिहून ठेवणारा कागद, करावं: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, आणि निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून तुमचं नाव. पर्यायी नावही घाला. मात्र हे चालतं ते बरं न होणाऱ्या आजाराच्या टप्प्यावर, एरवी रुग्णालयात दाखल होताना नव्हे. त्यासाठी नेहमीच्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये ‘संपर्क व माहिती देण्यास हरकत नाही’ असं तिच्या सहीचं पत्र आधीच लावून ठेवा. एक प्रत तुमच्या पर्समध्ये असू द्या, कपाटात ठेवलेला कागद रात्री दोन वाजता कामाला येत नाही.

मुलीनं कॅनडात मैत्रिणीशी लग्न केलं. मुंबईत नोंद होईल? (एक वडील, वसई)

नाही. पण ते लग्न कॅनडात पूर्ण कायदेशीर आहे. ‘इथे मानत नाहीत’ म्हणून तिचं दुसरं स्थळ पाहू नका. तिकडच्या वकिलाला विचारल्याशिवाय तर मुळीच नको.

आमच्यातली एक ट्रान्स स्त्री आहे, दुसरा पुरुष. आम्हालाही बंदी आहे का? (एक जोडपं, गोवंडी)

नाही. २०२३ च्या निकालात पाचही न्यायाधीशांनी सध्याच्या कायद्यांखाली असा विवाह होऊ शकतो असं म्हटलं आहे. ओळखपत्रांवरचं नाव आणि लिंग आधी एकसारखं करून घ्या, अर्ज बहुधा तिथेच लटकतो. कागद घेऊन वकिलाला भेटा.

मुलाचा जोडीदार आम्हाला मुलासारखाच आहे. आमच्या माघारी पुतणे त्याला घराबाहेर काढतील अशी भीती वाटते. आई म्हणून मी काय करू शकते? (एक आई, परळ)

तुम्ही खूप काही करू शकता. मुलाच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करा. त्याच्या माघारी पहिल्या वारस तुम्हीच, आणि तुम्हीच साक्षीला असाल तर पुतण्यांचं बोलणं लंगडं पडतं. तुम्हाला त्यात काही मिळणार नाही हे मात्र पाहा, आणि दुसरा साक्षीदार तुमच्याहून वीस-पंचवीस वर्षांनी लहान घ्या, कारण साक्ष द्यायची वेळ पुढे कधीतरी येते. घर तुमच्या स्वतःच्या नावावर असेल तर तुमचं वेगळं मृत्युपत्र करा आणि मुलगा आधी गेला तर काय, तेही लिहा. घर वडिलोपार्जित आहे की तुम्ही घेतलेलं, पागडीचं आहे की मालकीचं, यावर सगळं फिरतं. पागडीचं असेल तर मृत्युपत्रानं ते देता येईलच असं नाही. भाडेपावत्या, शेवटचं वीजबिल आणि यजमान हयात नसतील तर त्यांचा मृत्यूदाखला घेऊन या महिन्यातच वकिलाकडे जा, आणि मुलाच्या जोडीदारालाही बरोबर न्या.