पुण्यात फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची एनओसी लागते का? आणि टेरेसवर शेड टाकली तर चालते का?

शेडचं आधी उरकतो. फ्लॅटला लागून असलेली टेरेस मंजूर नकाशात उघडी दाखवलेली असते, तिच्यावर पक्की शेड टाकून खोली केली की ते बांधकामच. आर्किटेक्टमार्फत महापालिकेची परवानगी काढा, नाहीतर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायद्याच्या कलम ५३ ची, म्हणजे बेकायदा बांधकाम काढायची, नोटीस येऊ शकते. शेजाऱ्यानेही टाकलीये, हे तिथे चालत नाही.

आता एनओसी. नाही लागत! कमिटी काहीही सांगू दे.

माझा कोथरूडचा वन बीएचके मी दोन नर्सना दिला होता. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर केलेलं, पोलिसांना ऑनलाइन कळवलेलं, सोसायटीला आधीच पत्र दिलेलं. तरी सामानाचा टेम्पो वॉचमनने गेटवरच अडवला, का तर चेअरमन काकांनी सांगितलंय की बॅचलर मुली नकोत, एनओसी आणा. त्या दोघी नाइट ड्यूटी करून आलेल्या, वर पाऊस, गाद्या भिजतायत आणि काका गॅलरीतून बघतायत. मी पोचलो तर म्हणे जनरल बॉडीत ठराव झालाय. म्हटलं काका, ठराव दाखवा. मिनिट्सच्या वहीत काही सापडला नाही, मग टेम्पो आत सोडला.

पण पुढच्या बिलात नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः न राहता भाड्याने देतो म्हणून सोसायटी लावते ते, १५०० रुपये! सर्व्हिस चार्जेस १८०० आणि हे १५००. सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे की हे चार्जेस सर्व्हिस चार्जेसच्या १०% पेक्षा जास्त घेता येत नाहीत, त्यात महापालिकेचा टॅक्स धरायचा नाही, आणि २००७ ला मुंबई हायकोर्टानेही तो आदेश कायम ठेवला. म्हणजे माझे होतात १८०. पत्र दिलं तर उत्तर आलं की सोसायटी स्वतःचे नियम करू शकते. नाही करू शकत. सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार टाकली तेव्हा कुठे १८० चं बिल आलं आणि जादा घेतलेले पैसे वळते झाले. काका आजही म्हणतात मी सोसायटीच्या विरोधात गेलो. अहो, मी पण मेंबरच आहे, मेंटेनन्स वेळेवर भरतो, आणि दिवसरात्र पेशंट सांभाळणाऱ्या मुलींना गेटवर भिजत उभं करणं हे कुठल्या सोसायटीचं हित? त्यांची एक तक्रार कधी आली नाही.

तर तुम्ही परवानगी मागूच नका, कळवा. आदर्श उपविधीत (सोसायट्यांसाठीची सरकारी नमुना नियमावली) आठ दिवस आधी कळवायचं म्हटलंय, सोबत अ‍ॅग्रीमेंटची कॉपी द्या आणि पोच घ्या, पोच नसेल तर पत्र दिलंच नाही म्हणतात. अकरा महिन्यांचं आहे म्हणून रजिस्टर नको, असं एजंट सांगेल तर ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, महिने कितीही असोत रजिस्टर करायचं आणि ती जबाबदारी मालकाची. नाही केलं तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच धरलं जातं, वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड.

हे सगळं को-ऑप हाउसिंग सोसायटीचं सांगितलं, तुमची सोसायटी नसून अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेलं अपार्टमेंट असेल तर डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे त्या इमारतीचा नोंदणीचा मूळ दस्त, काढून बघा, तिथे १०% चा आदेश असाच्या असा लावता येणार नाही. आणि प्रॉपर्टी टॅक्समध्ये स्वतः राहतो म्हणून ४०% सवलत घेत असाल तर भाड्याने दिल्यावर ती मिळत नाही, भाडं ठरवताना तो फरक धरा.