सोसायटीतले मतदार : कार्ड बाजूला ठेवा, आधी यादी उघडा

तुम्ही विचारलंय की सोसायटी नवी आहे, निम्मी घरं दादर-परळहून डोंबिवलीत आलेली, दर निवडणुकीला बरेच जण ‘यादीत नाव नाही’ ऐकून परत येतात, तर मदत कुठून सुरू करावी.

लोक कपाटातलं मतदार कार्ड दाखवून निर्धास्त असतात. पण यादीत नाव नसेल तर त्या कार्डावर मत देता येत नाही. एखाद्या रविवारी लॅपटॉप घेऊन बसा आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर प्रत्येकाचं नाव कार्ड क्रमांकाने शोधा. नावाने शोधायला गेलात तर कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव गायब, ‘शिर्के’चं ‘शिरके’ झालेलं. दिवस त्यातच जाईल.

पत्ता बदललेल्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ होतो. नाव जुन्या पत्त्यावर असेल तर फॉर्म ८ भरायचा. फॉर्म ६ फक्त पहिल्यांदाच नाव घालणाऱ्यांसाठी. हौशी कार्यकर्ते सरसकट ६ भरून घेतात, मग माणूस दोन्हीकडे मतदार होतो. फॉर्म ६ मध्ये ‘माझं नाव दुसरीकडे नाही’ अशा मजकुराखाली सही असते आणि खोट्या माहितीला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणून अर्ज ज्याचा त्याने, स्वतःच्या मोबाइलवर भरावा. तुम्ही शेजारी बसा, ओटीपी मात्र मागू नका. लग्न झालेल्या मुलींचं नाव बहुतेक वेळा माहेरच्या यादीत सापडतं, त्यांनाही आठच. पत्ता आणि आडनाव दोन्ही बदलायचं असेल तर आधी पत्ता होऊ द्या.

अर्ज पाठवला की काम संपत नाही. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) पडताळणीला येतात, घर बंद दिसलं तर प्रकरण लटकतं. अर्जाचा क्रमांक जपून ठेवा, अडलं तर मतदार हेल्पलाइनला, १९५०वर फोन करा.

नव्या पोरांसाठी १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार पात्रता तारखा आहेत, म्हणजे त्या तारखेला अठरा पूर्ण असावी लागतात. सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो. निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नाव घालता येत नाही. महापालिकेला तर अजून कडक: राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेची घेतो आणि प्रभागवार फोडतो. त्यानंतरची नोंदणी त्या निवडणुकीला उपयोगाची नाही.

८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांना लोकसभा-विधानसभेला घरून मतदान करता येतं. त्यासाठी फॉर्म १२डी लागतो आणि तो निवडणुकीची अधिसूचना निघाल्यानंतर पाच दिवसांतच द्यावा लागतो, त्यामुळे अशा आजी-आजोबांची यादी आजच करून ठेवा.

मतदानाच्या दिवशी कार्ड सापडलं नाही तर आधार, पॅन, लायसन्स चालतं. नुसती मतदार चिठ्ठी चालत नाही. आणि महापालिकेला बहुसदस्यीय प्रभाग असेल तर जितक्या जागा तितकी मतं द्यायची असतात, हे आधीच सांगून ठेवा. एक बटण दाबून निघणारे बरेच असतात, मग अधिकारी त्यांना परत बोलावतात आणि मागची रांग वैतागते.