ब्रॅम्प्टनला निघण्याआधी, हातांबद्दल

तुमचा प्रश्न परवा रात्री वाचला आणि झोप लागली नाही. पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, हातात आहे, नवरा आणि चौदा वर्षांची मुलगी घेऊन ऑगस्टमध्ये इकडे कॅनडात, ऑन्टारियो प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला येताय, अकाउंट्समधली नोकरी मिळेपर्यंत वेअरहाऊसमध्ये काम करायची तयारी आहे. पण तिथे बोटं आणि मनगटं कामातून जातात असं ऐकलंय, ते खरं का, आणि काय करायचं, असं तुम्ही विचारलंत. सिन नंबर (कामाला लागायला लागतो तो सरकारी क्रमांक), बँक, हेल्थ कार्ड हे सगळं सरकारी साइटवर नीट लिहिलेलं आहे, त्यात मी पडत नाही. हातांबद्दल लिहिते.

मी २०१७ च्या ऑगस्टमध्ये आले. त्याआधी अकरा वर्षं वाशीच्या मसाला मार्केटात एका पेढीवर हिशेब लिहायचे. समोर दिवसभर माथाडी पोती वाहायचे. पन्नास किलोचं पोतं पाठीवर, डोक्यावर, हातात आकडा. ओझं म्हटलं की कंबर आणि पाठ, एवढंच मला ठाऊक होतं. म्हणून मी येताना कमरेचा पट्टा आणला. बोटांचा विचारही केला नाही. इथल्या खोक्याला बहुतेक वेळा पकडायला काही नसतं. ते चिमटीत धरावं लागतं, आणि अशी शेकडो खोकी एका पाळीत हाताखालून जातात. स्कॅनरचा खटका, टेपगन, कटर, प्लास्टिक गुंडाळणं, सगळं त्याच दोन-तीन बोटांवर येतं.

पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यांचंच दुखतं. सकाळी मूठ वळत नाही, बोटं भरल्यासारखी होतात, अंगठी निघत नाही. अंगठी आणि बांगड्या कामाला जाण्याआधीच काढून ठेवा. अंगठी खोक्यात किंवा रॅकमध्ये अडकली तर बोट सोलून निघतं. उठल्यावर कोमट पाण्यात हात धरून मूठ उघडायची-मिटायची, पाच मिनिटं. घरी आल्यावर सूज असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं. एवढ्याने हे दुखणं हळूहळू उतरतं. दोन दिवसांच्या सुट्टीत ते कमी होत असेल तर घाबरू नका.

कामाची पद्धत मात्र पहिल्याच दिवसापासून लावून घ्या, मला ती दोन वर्षांनी एका पंजाबी बाईने शिकवली. खोकं दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबून उचलायचं नाही. एक तळहात खालच्या कोपऱ्याखाली, दुसरा समोरच्या वरच्या कोपऱ्यावर, तिरपं, आणि खोकं पोटाशी. म्हणजे वजन बोटांच्या टोकांवर येत नाही. हातमोजे स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मापाचे घ्या. तिथे वाटतात ते पुरुषांच्या मापाचे असतात, आणि सैल मोजा असला की आपण नकळत दुप्पट जोराने पकडतो. तळव्याला नायट्राइलचा, म्हणजे एका प्रकारच्या रबराचा, थर असलेले पातळ मोजे चांगले. तो थर गुळगुळीत झाला की टाकून द्या. कटरचं पातं बोथट झालं की लगेच बदलून मागा, बोथट पातं मनगटाचा जीव घेतं. स्कॅनर तासातासाने हात बदलून धरा. टेपगन ओढताना मनगट सरळ ठेवा, वाकवलंत की रात्री कळेल. पंप ट्रक, म्हणजे माल हलवायची हातगाडी, शक्यतो ढकला, ओढू नका.

पुठ्ठा हाताचं सगळं तेल शोषून घेतो, हेही कोणी सांगत नाही. त्यात थंडीत घरातल्या हीटरची कोरडी हवा. डिसेंबरात माझ्या अंगठ्यांना नखाशेजारी अशा भेगा पडल्या की शर्टाचं बटण लावताना डोळ्यांत पाणी यायचं. आईने कुडाळहून कोकमाचं तेल पाठवलं होतं, टाचांसाठी म्हणून. इथे ते दगडासारखं घट्ट राहतं. चमच्यात घेऊन गरम करायचं, भेगांत भरायचं, वर सुती हातमोजे घालून झोपायचं. बाजारातल्या कुठल्याही क्रीमपेक्षा मला त्याचाच गुण आला. दोन वड्या आणा.

आता दुसरं दुखणं. ते पहिल्यासारखं नसतं आणि त्याच्याबद्दल लिहायलाच मी बसले आहे.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांत मुंग्या येतात, करंगळीत येत नाहीत. रात्री दोन-तीन वाजता जाग येते, हात बधीर असतो, झटकला की बरं वाटतं. हातातून कप सुटतो. हे मनगटातल्या नसेवर दाब येत असल्याचं लक्षण आहे, कार्पल टनेल म्हणतात त्याला. करंगळीत मुंग्या असतील तर बहुधा कोपराकडची नस. बोट वळवलं की अडकतं आणि खट्‌कन सुटतं, ते ट्रिगर फिंगर. अंगठ्याच्या मुळापासून मनगटाच्या कडेने कळ जाते, तो आणखी वेगळा प्रकार. यातलं काहीही सुट्टीच्या दिवशीही राहिलं, तर ती सवय व्हायची वाट बघण्याची गोष्ट नाही. मनगट सरळ ठेवणारा पट्टा औषधाच्या दुकानात मिळतो, तो रात्री बांधा, आणि डॉक्टरकडे जा. फॅमिली डॉक्टर मिळेपर्यंत वॉक-इन क्लिनिक असतं.

मी गेले नाही. नोव्हेंबरमध्ये सीझन होता, रोज जादा तास. मुंग्या तेव्हाच सुरू झाल्या. रोज दोन गोळ्या घ्यायचे आणि कामावर जायचे. कामगार पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत लागले होते. माझ्याआधी एका मुलीने मनगट दुखतंय म्हणून सांगितलं, तर तिला आठवडाभर आराम करा म्हणाले आणि पुढे फोनच आला नाही. त्याची मी धास्ती घेतली. नवऱ्याला तेव्हा काम नव्हतं.

ऑन्टारियोत कामावरच्या दुखापतीची भरपाई देणारं डब्ल्यूएसआयबी हे मंडळ आहे. हळूहळू वाढणारं दुखणंही त्यात बसतं, एका दिवसात हात मोडायला लागत नाही. कामगाराने फॉर्म ६ भरायचा, मालकाने फॉर्म ७, डॉक्टरने फॉर्म ८. आपल्या अर्जाला सहा महिन्यांची मुदत असते. एजन्सीतून लागलात तर तुमची मालक ती एजन्सीच असते. डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की हे कामामुळे झालंय, नाहीतर तो कागद कधी तयारच होत नाही. सुपरवायझरला तोंडी सांगितलंत तरी त्याच दिवशी तारखेसह मेसेज करून ठेवा. अर्ज करू नका असं कुणी सुचवलं तर ते कायद्याविरुद्ध आहे.

हे सगळं मला कुणी सांगितलं नाही असं म्हणायची सोय नाही, आणि तेच मला आजही सलतं. मार्केटात असताना माथाडी बोर्डात मजुरी आणि लेव्ही भरायचे कागद मीच करायचे. अंगमेहनतीच्या माणसांसाठी आपल्याकडे १९६९ सालीच कायदा झाला, त्याचे रकाने अकरा वर्षं माझ्या हाताने भरले. कामगाराचा कागद वेळेत गेला नाही तर काय होतं ते मला तोंडपाठ होतं. स्वतःचा फॉर्म मात्र भरला नाही, कारण तो भरला की मी हमालीचं काम करते हे कागदावर आलं असतं. आईला मी अजून ‘ऑफिसात आहे’ म्हणूनच सांगत होते. व्हिडिओ कॉलवर उजवा हात खाली ठेवायचे.

२०१९ मध्ये नसेची तपासणी झाली तोवर अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा बसला होता. ऑपरेशन साधं असतं, हात तेवढा बधीर करतात, दोन आठवड्यांनी टाके काढतात, ओहिपमध्ये, म्हणजे प्रांताच्या सरकारी आरोग्य विम्यात, पैसे लागत नाहीत. नंतरच्या फिजिओथेरपीला मात्र माझ्या वयात ओहिप नव्हतं, ते पैसे आम्ही खिशातून भरले. रात्रीच्या मुंग्या गेल्या. तर्जनीचं टोक परत आलं नाही. भाकरी थापताना पिठाची कड कुठे पातळ झाली ते त्या बोटाला कळत नाही, बघावं लागतं.

तुम्ही मुलीच्या शाळेबद्दल विचारलं नाहीत, तरी लिहिते, कारण माझ्याकडे या दोन्ही गोष्टी एकाच हिवाळ्यातल्या आहेत. माझा मुलगा आठवीत होता. फेब्रुवारीत पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा कागद घरी आला. मी रात्रपाळी करून आले होते, बोटं बधीर, पेन नीट धरवत नव्हतं. त्याने सांगितलं, सरांनी टिक करून दिलंय, तू फक्त सही कर. मी केली. गणिताला ‘अप्लाइड’ होतं, म्हणजे ‘अकॅडमिक’पेक्षा सोपा गट. इंग्रजी कच्चं म्हणून त्याला तिथे टाकलं होतं. वाशीच्या शाळेत त्याला गणितात कधी नव्वदच्या खाली मार्क नव्हते. युनिव्हर्सिटीला जाणारी वाट ‘अकॅडमिक’ची आहे, मधून बदलायला वेगळा कोर्स करावा लागतो, हे मला कळलं तेव्हा तो दहावीच्या मध्यावर होता आणि त्याला आता बदलायचं नव्हतं. दोन वर्षांचा डिप्लोमा करून तो नोकरीला लागला. तो खूश आहे, माझ्यावर त्याचा राग नाही. ती सही मात्र मला दिसते, वाकडी, शेवटचं अक्षर खाली घसरलेली.

नववीतली ही विभागणी २०२२ पासून बंद झाली आहे, पण दहावीला ती आहे. म्हणजे तुमची मुलगी नववीत असतानाच, पहिल्याच हिवाळ्यात, तो कागद तुमच्या घरी येईल. तेव्हा तुम्हीही नव्या कामात असाल, थकलेल्या असाल.

एकटेपणाचं तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंत. येतो आणि जातो. कामाच्या दिवसांत त्याला जागा नसते, रविवारी देवळात किंवा मंडळात चार माणसं भेटतात. त्याची काळजी आत्तापासून करू नका.

मी आता त्याच कामात, पण रिसीव्हिंगच्या, म्हणजे आलेला माल उतरवून घेण्याच्या, टेबलावर असते, बिलं तपासते. आल्यावर पहिल्या महिन्यात हात कसे आहेत ते मला कळवा, आणि मुंग्या कुठल्या बोटांत आहेत तेही. शाळेचा कागद आला की सही करण्याआधी फोटो पाठवा. कितीही वाजता पाठवलात तरी मी वाचून उत्तर देईन.