सांगली-मिरज-कुपवाडमधलं सामाजिक एकात्मीकरण मोजायला जनगणनेची आकडेवारी पुरेल का? (एमए समाजशास्त्र, लघुप्रबंधासाठी)

पुरणार नाही, जनगणनेवरून लोक कुठे राहतात ते कळतं, एकमेकांत किती मिसळतात ते नाही. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी समोर येतो. 2011 च्या जनगणनेत महापालिकेच्या प्रत्येक प्रभागातली अनुसूचित जातींची लोकसंख्या मिळते. त्यावरून डंकन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ दांपत्याचा 1955 चा विलगता निर्देशांक (दोन गट किती वेगळे राहतात याचं माप) काढा: शहरातल्या एकूण अनुसूचित जातींपैकी किती हिस्सा त्या प्रभागात आहे आणि इतरांपैकी किती, यातला फरक घ्या, उणे चिन्ह सोडा, सगळ्या प्रभागांची बेरीज करून निम्मी करा. 0 आलं तर वाटप सारखं, 1 आलं तर पूर्ण वेगळं. एवढं एक्सेलमध्ये एका दुपारी होतं.

पण प्रभाग मोठा असतो. आकड्यात मिश्र दिसणाऱ्या प्रभागातही गल्ल्या वेगळ्या असू शकतात, म्हणून हा निर्देशांक विलगता कमी दाखवतो. खरी मेहनत पुढच्या भागात आहे, आणि तीच करण्यासारखी आहे: दोनतीन प्रभागांत स्वतः सर्वेक्षण करा. ‘जातीभेद मानता का?’ असं विचारू नका, सगळे नाहीच म्हणतील. त्याऐवजी घडलेलं विचारा:

- गेल्या महिन्यात कोणाकडे जेवलात?
- अडचणीत पैसे कोणाकडे मागितले?
- घरातल्या शेवटच्या लग्नाला शेजारचं कोण आलं होतं?

आधी नावं घ्या, जात-धर्म नंतर, आणि तेही संमतीनेच. नमुना घरांच्या यादीतून यादृच्छिक (रँडम) निवडा. ओळखीच्यांकडून भरून घेतलेल्या गूगल फॉर्मवर असे निष्कर्ष उभे राहत नाहीत.