सहा टॉक, तीन मिनिटं आणि चहा

प्रश्न: सर नमस्कार. मी जिल्ह्याच्या गावी जनरल सर्जन आहे. आमच्या शाखेला यंदा राज्याची वार्षिक कॉन्फरन्स मिळालीय आणि सायंटिफिक सेक्रेटरीचं, म्हणजे भाषणांचा कार्यक्रम ठरवायचं, काम माझ्या गळ्यात पडलंय. अडीच दिवस, दोन हॉल आणि एक छोटी खोली एवढंच हातात आहे. आत्तापर्यंत 110 नावं सुचवून आलीत, त्यात माजी अध्यक्ष, मेडिकल कॉलेजचे एचओडी (विभागप्रमुख), कंपन्यांनी पुढे केलेले, सगळे आहेत. प्रत्येकाला 12 मिनिटं दिली तरी एक्सेलमध्ये बसत नाहीये. कुणाला नाही म्हणायचं?
(एक सर्जन, पश्चिम महाराष्ट्र)

उत्तर: डॉक्टर, आधी ती एक्सेल बंद करा, कारण तुम्ही नावांपासून सुरुवात केलीय आणि इथेच गाडी चुकते. दिवस सकाळी 9 ते संध्याकाळी 5:30 धरा, त्यातून जेवणाचा तास आणि दोन चहाची 20-20 मिनिटं काढा, एका हॉलला 6 तास 50 मिनिटं उरतात. त्यातून ओरेशन (मानाचं व्याख्यान), अध्यक्षांचं भाषण, जीबीएम (सभासदांची सर्वसाधारण सभा) वजा करा. आता 75 मिनिटांच्या सेशनमध्ये 12 मिनिटांचे सहा टॉक बसवले तर 72 मिनिटं गेली, राहिली तीन, आणि त्या तीन मिनिटांत चेअरपर्सनची ओळख, पेन ड्राइव्ह न उघडणं आणि प्रश्नोत्तरं, सगळं. म्हणजे प्रश्नोत्तरं नाहीतच. "टाइम कमी आहे, प्रश्न चहाच्या वेळी विचारा" हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलंय त्याची गणती नाही, आणि चहाच्या वेळी स्पीकरच सगळ्यात आधी गायब होतो.

माझं मत विचाराल तर 75 मिनिटांत चारच टॉक, 10-10 मिनिटांचे, मग 25 मिनिटं नुसती चर्चा आणि 10 मिनिटं सांडलवंडीला. आणि विषय ठरवताना डोळ्यासमोर तालुक्याच्या गावचा तो सर्जन ठेवा जो स्वतःची ओपीडी बंद ठेवून, स्वतःच्या खिशातून पैसे भरून आलाय. त्याला "लॅप कोली (दुर्बिणीतून पित्ताशय काढणं): रिसेंट ट्रेंड्स" नकोय हो. कॅलोटचा ट्रँगल (पित्ताशयाच्या मुळाशी नळी आणि रक्तवाहिनी असते ती जागा) चिकटलाय, क्रिटिकल व्ह्यू मिळत नाहीये, म्हणजे कापण्याआधी त्या दोन्ही स्पष्ट दिसत नाहीयेत, हाताशी दुसरा सर्जन नाही, तेव्हा काय करायचं ते त्याला हवंय. मग पहिला टॉक थांबायचं कधी यावर ठेवा, दुसरा सबटोटल कोलीसिस्टेक्टॉमी (पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवून बाकीचं काढणं) कशी करायची यावर व्हिडिओसकट, तिसरा ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी पोट फुगलं आणि ड्रेनमधून पित्त येतंय तर काय करायचं यावर (ड्रेन नीट चालू ठेवा, पेशंट सावरा, पाठवा, स्वतः पुन्हा आत शिरू नका, हे कुणीतरी स्टेजवरून ठणकावून सांगायला हवं), आणि चौथा ज्याच्याकडे असे पेशंट येतात त्याचा, म्हणजे रेफर करताना आपण काय काय विसरतो. नावं यानंतर शोधायची. विषय असा टोकदार केला की 110 मधली निम्मी नावं आपोआप गळतात, कारण त्या विषयावर बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही नसतं आणि ते त्यांनाही माहीत असतं.

राहिले ज्येष्ठ. त्यांना चेअरपर्सन करा, पॅनेलवर घ्या, केस डिस्कशनला बसवा. खरं सांगायचं तर 40 वर्षांचा अनुभव पॅनेलवर जास्त खुलतो, स्लाइड्समध्ये तो बिचारा अडकून पडतो. पण एका सेशनला दोनच चेअरपर्सन हं, मी एकदा स्टेजवर पाच मोजलेत, स्पीकर एक आणि अध्यक्ष पाच.

टाइमकीपरचं मात्र सांगतोच. आमच्या वेळी घंटेवर एका पीजीला (एमएस शिकणाऱ्या मुलाला) बसवलं होतं आणि बोलत होते नेमके त्याचेच एचओडी. 12 ची 19 मिनिटं झाली, पोराचा हात घंटेवर, कपाळावर घाम, पण घंटा काही वाजली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही स्क्रीनवर उलटा मोजणारा टायमर लावला आणि दुसऱ्या कॉलेजची मुलगी बसवली, ती कुणालाच घाबरत नव्हती.

कंपन्यांनी सुचवलेल्या नावांबद्दल. मार्च 2024 च्या यूसीपीएमपी कोडनंतर (औषध कंपन्यांच्या मार्केटिंगसाठीचे सरकारी नियम) डेलिगेटचा, म्हणजे नुसतं ऐकायला येणाऱ्या डॉक्टरचा, प्रवास, हॉटेल कंपनीने करायचं नाही, स्पीकरला सूट आहे. त्यामुळे होतं काय, की "यांना स्पीकर करा ना" असे फोन वाढतात. स्पीकर कमिटी ठरवणार, एवढं एक वाक्य कंपनीला ईमेलवर लिहून पाठवा, फोनवर नको. स्टॉलचे पैसे वेगळे, प्रोग्रॅम वेगळा.

आणि क्रेडिट पॉइंट (अशा कॉन्फरन्सला हजर राहिल्याचे गुण) विसरू नका. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायला पाच वर्षांत 30 पॉइंट लागतात, अर्ध्या लोकांचं येण्याचं ते एक कारण असतंच, त्यात लाजायचं काय. पण अर्जासोबत विषय, वेळा, स्पीकर द्यावे लागतात, म्हणून प्रोग्रॅम आधीच गोठवा. आदल्या रात्री बदललेला प्रोग्रॅम हा रोग आहे आपला.

प्रश्न: लोकल कमिटी म्हणते लाइव्ह सर्जरी (चालू ऑपरेशन हॉलमध्ये थेट दाखवणं) नसेल तर गर्दी होणार नाही. ठेवावी का?
(नाव नको)

उत्तर: गर्दी होते, खरंय. पण पेशंटच्या बाजूने बघा. नवं ऑपरेशन थिएटर, अनोळखी स्टाफ, पाहुणा सर्जन, कानात मॉडरेटरचे प्रश्न आणि घड्याळ. 2015 मध्ये दिल्लीत लाइव्ह दाखवलेल्या लिव्हरच्या ऑपरेशननंतर पेशंट दगावला होता, तेव्हा केवढा गदारोळ झाला. 2023 मध्ये विषय सुप्रीम कोर्टातही गेला. युरोपातल्या युरॉलॉजी असोसिएशनने 2014 मध्येच नियम केला, की पेशंटची बाजू बघणारा एक वेगळा डॉक्टर हवा, म्हणजे जो गरज पडली तर प्रक्षेपण थांबवा म्हणू शकेल. तुमच्याकडे तसा माणूस आहे का? नसेल तर एडिट न केलेला व्हिडिओ दाखवा आणि सर्जनला शेजारी उभं करा. रक्त आलं तिथे पॉज करून विचारा, आता काय मनात आलं होतं? लाइव्हमध्ये हे विचारताच येत नाही.

प्रश्न: सर मी सेकंड इयर रेसिडेंट. माझा पेपर संध्याकाळी 5 वाजता त्या छोट्या खोलीत आहे, गेल्या वर्षी तिथे दोन जज, मी आणि पुढचा मुलगा एवढेच होतो. दरवर्षी असंच का?
(एक पीजी, मराठवाडा)

उत्तर: कारण प्रोग्रॅम करणाऱ्यांना तुम्ही लोक फिलर वाटता बाळा, आम्हीही तेच केलंय, कबूल. वरच्या सेक्रेटरी साहेबांना माझी जाहीर विनंती, निवडक सहा फ्री पेपर (पोरांनी स्वतःहून पाठवलेले शोधनिबंध) मेन हॉलमध्ये, सकाळी, ओरेशनच्या लगेच आधी ठेवा. ओरेशनला जागा पकडायला लोक लवकर येतात, बसल्या बसल्या पोरांचं ऐकतील. आणि शेवटच्या दिवशी, रविवारी सकाळी फसलेल्या केसेसचं सेशन ठेवा, नाहीतर 11 वाजता सगळे बॅगा घेऊन पार्किंगमध्ये दिसतात. सर्टिफिकेट त्या सेशननंतरच वाटा, आधी नाही.