शिधावाटपाच्या रांगेत तीच घराणी पुन्हा दिसू लागतात तेव्हा

आपण विचारले आहे की, आपली मंडळी (चर्च) कित्येक वर्षे शहरातील गरजू कुटुंबांना शिधा आणि कपडे वाटत आली, पण पूर्वी जी मुले आईचे बोट धरून येत, ती आता स्वतःची मुले घेऊन त्याच रांगेत उभी राहतात. मग ही पिढीजात गरिबी ख्रिस्ती सेवाकार्याने खरोखर हटते का, आणि हटत असेल तर मंडळीने काय बदलावे? मी एका मंडळीच्या सेवासमितीत बारा वर्षे काम केले आणि त्यातील पहिली पाच आम्हीही वाटपातच घालवली, त्यामुळे हे उत्तर थोडे अनुभवाचे आणि थोडे वाचनाचे आहे.

वाटप बंद करा, असे मी म्हणणार नाही. उघड्या-उपाशी माणसाला कोरडा आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्या विश्वासाला बायबलमधील याकोबाच्या पत्रात निर्जीव म्हटले आहे. परंतु शिध्याने महिन्याची भूक भागते, आणि पिढीजात गरिबीचे मूळ त्या भुकेपेक्षा गाठीला काहीच नसण्यात असते. ज्या घरात एका आजारपणापुरतीही शिल्लक नाही, तिथे आजार आला की कर्ज होते, हप्ते भागवण्यासाठी थोरल्या मुलाची शाळा सुटते, शाळा सुटलेल्याला बापासारखेच हंगामी काम मिळते आणि त्याच्याही संसारात पुढे शिल्लक राहत नाही. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना (ओईसीडी) या बहुतांश श्रीमंत देशांच्या संघटनेच्या २०१८च्या अहवालात सदस्य देशांसाठी मांडलेला हिशेब असा, की उत्पन्नाच्या तळाशी असलेल्या कुटुंबाच्या वंशजांना सरासरी उत्पन्नापर्यंत पोहोचायला साधारण चार ते पाच पिढ्या लागतात. डेन्मार्कमध्ये हेच अंतर दोन पिढ्यांचे आहे. म्हणजे वेतन, घरे आणि शाळा यांविषयीची सरकारी धोरणे हे अंतर कमी-जास्त करतात, आणि तिथे मंडळीचे बळ तोकडे आहे हे आधीच मान्य करावे.

मंडळीचे खरे बळ दीर्घ ओळखीत आहे. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली अमेरिकेतील सुमारे ७ कोटी २० लाख फेसबुक वापरकर्त्यांच्या मैत्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या भागांत गरीब आणि सुस्थित माणसांची आपसांत मैत्री अधिक, त्या भागांत गरीब घरची मुले मोठेपणी अधिक कमावताना दिसली. आपल्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट ही, की एकत्र आल्यावर उत्पन्नाची दरी ओलांडून मैत्री होण्याचे प्रमाण शाळा किंवा शेजारापेक्षा धार्मिक समुदायांत चांगले आढळले. कोणत्या कामासाठी कुठे अर्ज करायचा, मुलाखतीत काय विचारतात, शिष्यवृत्तीची मुदत केव्हा संपते, ही माहिती ओळखीतून वाहते आणि गरीब घरापर्यंत ती बहुधा पोहोचतच नाही. मात्र त्यासाठी दोघे एकाच बाकावर बसलेले हवेत. आपण एका हाताने देतो, दुसरा हात घेतो आणि रविवारच्या उपासनेला ते दोघे वेगवेगळ्या ठिकाणी जातात, अशी स्थिती असेल, तर हे बळ कागदावरच राहते.

आमची चूक इथेच झाली. वाटप पुरेसे नाही हे उमगल्यावर समितीने प्रत्येक कुटुंबासाठी ‘योजना’ आखली आणि एका मुलीला संगणकाच्या वर्गाचे शुल्क भरून दिले. ती दोन आठवड्यांनी यायची थांबली. आम्ही तिला निरुत्साही ठरवून मोकळे झालो. पुढे कळले की आईची रात्रपाळी होती, दिवसा तिला झोप हवी असे आणि वर्गाच्या वेळेत धाकट्या भावाला सांभाळणारे दुसरे कोणी नव्हते. आईने हे आधीच सांगितले असते, पण तिला कोणी विचारलेच नव्हते. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात रोजच्या वाटपात ग्रीक भाषिक विधवांची उपेक्षा होत असल्याची तक्रार येते, आणि तिच्या निवारणासाठी निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, बहुधा त्यांच्याचपैकी माणसांच्या हाती कारभार सोपवला गेला. हा अध्याय मी अनेकदा वाचला होता, पण त्या मुलीच्या प्रसंगानंतर तो समजला. आज आमच्या समितीत निम्म्या जागा पूर्वी मदत घेतलेल्या घरांतील माणसांच्या आहेत, आणि बैठका पूर्वीपेक्षा लांबतात हेही खरे.

पद्धतीच्या बाबतीत नवे काही शोधण्याची गरज नाही. पॅरिसमध्ये १८३३ साली वीस वर्षांच्या फ्रेदेरिक ओझानाम याने मित्रांसह जी संस्था उभारली, ती पुढे संत व्हिन्सेंट द पॉल संस्था म्हणून जगभर पसरली, आणि गरीब कुटुंबाच्या घरी जाऊन भेट घेणे हाच तिच्या कामाचा गाभा राहिला. घरी गेल्यावर जे दिसते ते रांगेत दिसत नाही. बहुतेक वेळा पहिल्यांदा दिसते ते कर्ज, म्हणून मी कर्जाला सर्वांत आधी हात घालीन. सगळी देणी एका वहीत लिहून काढणे, सर्वांत चढ्या व्याजाचे आधी फेडणे, धनकोशी बोलताना कुटुंबासोबत कोणीतरी बसणे, हे काम कंटाळवाणे आहे आणि अहवालात छायाचित्र छापण्याजोगे तर मुळीच नाही. पण कर्ज उतरल्याखेरीज बचत होत नाही आणि बचत असल्याखेरीज मूल शाळेत टिकत नाही.

मुलांच्या बाबतीत पुरावा बराच आश्वासक आहे. अर्थशास्त्रज्ञ ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली, स्थानिक मंडळ्यांमार्फत चालणाऱ्या कम्पॅशन या संस्थेच्या बालप्रायोजन कार्यक्रमाचा (यात एक दाता एका मुलासाठी नियमित पैसे देतो) सहा देशांतील अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी त्यात असलेल्यांचे शालेय शिक्षण सरासरी एक ते दीड वर्षाने अधिक झालेले आढळले आणि मोठेपणी त्यांना पगारी नोकरी मिळण्याची शक्यताही वाढली होती. त्यात एकदाची देणगी नव्हती; तीच मुले वर्षानुवर्षे, शाळा सुटल्यावर, ओळखीच्या मोठ्या माणसांसोबत वेळ घालवत होती.

एक अडचणीचा प्रश्न आपण विचारला नाही, तरी तो येईलच: मदतीच्या बदल्यात उपासनेला येण्याची अपेक्षा ठेवावी का? माझे स्पष्ट मत आहे की ठेवू नये, आणि ती नाही हे पहिल्याच भेटीत तोंडाने सांगावे. अट असली की माणूस अडचणी लपवू लागतो, आणि ज्याने अडचण लपवली त्याचे कर्ज आपल्याला कधीच दिसत नाही. श्रद्धेविषयी कोणी विचारले तर मोकळेपणाने बोलावे. आमच्याकडे काहींनी विचारले, बहुतेकांनी नाही.

किती कुटुंबांपासून सुरुवात करावी, हे मदतीच्या पैशांवर न ठरवता भेटी देणाऱ्या जोड्यांवर ठरवावे. पाच वर्षे दर पंधरवड्याला एकाच घरी जाण्यास तयार असलेल्या तीन जोड्या असतील, तर सध्या तीनच कुटुंबे घ्या, आणि तोवर वाटपाची रांग आहे तशी चालू राहू द्या.